खडूची तुर्की

हिलाल नानाचं नाव काढलं की माझ्या पोटात अजूनही दुखतं. डॉक्टरला दाखवण्यासारखं दुखणं नाही ते. शेजाऱ्याच्या दारात नवी गाडी उभी राहिली की जे दुखतं, तेच. माणूस गावी खाटेवर पडलेला, तरी माझं दुखणं काही कमी होत नाही. तेव्हा आधीच सांगून ठेवतो, यात कुठे त्याचं कौतुक निघालंच तर ते माझ्या मनाविरुद्ध निघालेलं आहे.

जळगावच्या एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमध्ये मी पत्रव्यवहार सांभाळतो. संस्कृत घेऊन एम. ए. केलं, विद्यापीठात दुसरा आलो. पहिली आली ती आता पुण्यात प्राध्यापक आहे, तिचंही नाव काढू नका. नाना त्याच मिलमध्ये मिस्त्री होता. धुळे जिल्ह्यातला, शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातला. सातवी पास. उंच, वाळका, कानांवर केस. खाकी पँटच्या डाव्या खिशात पाना आणि उजव्या खिशात खडू. कोणत्या बेअरिंगला कधी ग्रीस लावलं, कोणता पट्टा सैल झालाय, सगळं तो मशीनच्या अंगावरच खडूने लिहायचा. मी त्याला एकदा चांगलं जाडजूड रजिस्टर आणून दिलं, तर म्हणाला, "मशीनना आजार मशीनवरच लिखाना, गुरुजी. कागदले काय दुखस?" त्या रजिस्टरवर पुढे वर्षभर तो डबा ठेवून जेवला.

गुरुजी मलाच म्हणायचा. मान म्हणून नाही, चेष्टेने. आणि बोलायचा सगळ्यांशी अहिराणीत, अगदी शेठजींशीसुद्धा. शेठजींचे आजोबा मारवाडातून आलेले, पण नाना समोर आला की शेठजीही 'शे' आणि 'बठ्ठं' वर उतरायचे. मला मात्र मास्तर म्हणायचे आणि शुद्ध मराठीत बोलायचे. बरीच वर्षं मला तो माझा मान वाटत होता.

तर या शेठजींनी मसूर साफ करायचं एक नवं मशीन थेट तुर्कस्तानातून मागवलं. ते बसवायला तिकडचा मिस्त्री येणार होता. मिस्त्रीला ते लोक उस्ता म्हणतात. या मेहमेत उस्ताला तुर्की सोडून दुसरी भाषा येत नव्हती. शेठजींनी मला आणि नानाला केबिनमध्ये बोलावलं. "मास्तर, तीन महिने आहेत. दोघं तुर्की शिकून घ्या. ज्याला जास्त जमेल तो उस्ताबरोबर तिकडच्या कारखान्यात जाईल, दीड महिना. मशीन पूर्ण शिकून येईल."

मी मनात हसलो. सातवी पास मिस्त्री आणि मी! त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगून टाकलं आणि रविवारी फुले मार्केटमधून चाकं असलेली बॅगही आणली. मी तोवर विमानात कधी बसलो नव्हतो. नाना काय, तोही बसला नव्हता म्हणा, पण त्याचा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही.

रोज चार वाजता टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून फोन ठेवायचा, आणि पुण्याच्या एक बाई त्यातून शिकवायच्या. तुर्की क्रियापद म्हणजे रेल्वेगाडी नव्हे का! इंजिन एकदा लागलं की मागे डबे जोडत जायचं. 'गेल' म्हणजे ये. 'गेलियोरुम', मी येतोय. 'गेलियोरसुन', तू येतोयस. 'गेलदिम', मी आलो. 'गेलमेदिम', मी नाही आलो. कर्ता, काळ, नकार, सगळं शेपटात. मला तर हर्षवायूच व्हायचा बाकी होता. निळ्या, लाल, हिरव्या अशा तीन पेनांनी मी तक्ते केले. काळ लाल, पुरुष निळा, नेहमीची वाक्यं हिरवी. पंधरा दिवसांत दोनशे पानी वही भरली. नाना उभा राहून ऐकायचा, कारण ग्रीसच्या कपड्यांनी खुर्ची खराब होते. वही नाही, पेन नाही. तास संपला की मान हलवून मिलमध्ये जायचा.

एकदा बाईंनी स्वरांचा नियम सांगितला. धातूत 'आ' असेल तर शेपटातही 'आ' येतो, 'ए' असेल तर 'ए'. 'बाक' म्हणजे बघ, त्याचं 'बाकाजाक', बघेल. पण 'गेल'चं 'गेलेजेक', येईल. मी स्वरांचे चार रकाने करत बसलो. नाना म्हणाला, "आते यामा काय शे एवढं? जाडा दाना जाड्या चाळणीमाईन, बारीक दाना बारीक चाळणीमाईन. येक पोतामा मिसळाना नही." मी हसलो. म्हटलं, नाना, व्याकरण म्हणजे तूरडाळ नव्हे. दोन दिवसांनी बाईंनीच सांगितलं की तुर्की लोक स्वतः या स्वरांना जाड आणि बारीक असंच म्हणतात. नाना तेव्हा तिथे नव्हता. त्याला हे सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.

त्याची पद्धत मला उशिरा कळली. मशीन खोक्यांतून आधीच आलं होतं आणि त्याने ते उभं करायला घेतलं होतं. एक दिवस मी मिलमध्ये गेलो तर त्या पांढऱ्याशुभ्र यंत्रावर जागोजागी खडूची बाराखडी. दाणे टाकायच्या तोंडावर 'आच', म्हणजे उघड. बटणावर 'कापात', बंद कर. चाकावर 'चेविर', फिरव. पट्ट्यावर 'चेक', ओढ. जिथे जे करायचं तिथे ते क्रियापद. आणि नाना झाकणावर हात ठेवून झाकण उचलता उचलता म्हणत होता, "आचियोरुम." उघडतोय. झाकण पूर्ण वर गेल्यावर, "आच्तिम." उघडलं. मग लावून पुन्हा तेच. झाकण अर्ध्यावर असताना त्याच्याकडून 'आच्तिम' वदवून घ्यायची कुणाची छाती नव्हती.

मी त्याला चढ्या आवाजात सहाही पुरुषांचे भूतकाळ म्हणून दाखवले. मी उघडलं, तू उघडलंस, आम्ही उघडलं, त्यांनी उघडलं. एका दमात. नानाने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "बठ्ठासनी उघाडी दिधं गुरुजी, पन झाकन तं लागेलच शे." सहा हमाल उभे होते. सगळे हसले. त्यातल्या एकाने ते पुढे महिनाभर मी दिसलो की म्हटलं.

तुर्कीत एक ऐकीव भूतकाळ असतो. आपण पाहिलं तर वेगळं शेपूट, कुणाकडून कळलं तर वेगळं. आपण 'आला म्हणे' म्हणतो, तसं. मला तो फार आवडला. नानाने तो शिकायलाच नकार दिला. "जे मी दखं नही, ते मी बोलाव नही. ते शेपूट तुमना हापिसले लागस. तुले र्‍हाऊ दे."

पण माझ्या जिव्हारी लागलं ते वेगळंच. बाईंनी एकदा सांगितलं की तिकडे कुणी काम करताना दिसला तर जाता-येता त्याला म्हणायचं, 'कोलाय गेलसिन'. तुझं काम सोपं होवो. मी ते हिरव्या पेनाने वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, आज्ञार्थ, तृतीय पुरुष, एकवचन. उत्तर काय द्यायचं तेही लिहिलं, 'सा ओल'. नानाने काय केलं? दुसऱ्या दिवसापासून मिलमध्ये सगळ्यांना म्हणायला लागला. पोतं पाठीवर घेतलेल्या हमालाला, "कोलाय गेलसिन." झाडणाऱ्या बाईला, चहावाल्याला, पत्र्यावर चढलेल्या वायरमनला. आठवड्याभरात ते लोक उलट "साओल, नाना!" म्हणायला लागले. चोपड्याचे, यावलचे, भडगावचे हमाल, आणि तोंडात तुर्की! मी रोज दहा वेळा त्यांच्यातून जायचो. मला नानाने एकदाही म्हटलं नाही.

शेवटी मीच विचारलं. लाज सोडून. "नाना, मला का नाही म्हणत?"

तो खरंच बुचकळ्यात पडला. "तुले? पन तू कोठे काम करस? तू तं लिखस."

मी म्हटलं, तुर्कीत काम करणं, मशीन चालणं आणि अभ्यास करणं, तिन्हीला एकच शब्द आहे. चालुश्माक. म्हणजे मी अभ्यास करतो तेही कामच झालं. नाना विचार करून म्हणाला, "मंग तुर्कस्तानमा जाईसन कर." आणि पाना घेऊन मशीनखाली शिरला.

मेहमेत उस्ता आला तेव्हा मी स्टेशनवर हार घेऊन गेलो होतो. मुंबईहून गाडीने आला, गोल चेहऱ्याचा, मिश्यांचा, घामाघूम. मी चार वाक्यांचं स्वागत पाठ केलं होतं. दुसऱ्या वाक्याला त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून पाणी मागितलं. मिलमध्ये पोचलो, तर नाना मशीनखाली आडवा. उस्ता वाकला आणि म्हणाला, "कोलाय गेलसिन." मशीनखालून आवाज आला, "साओल, उस्ता. तुत!" धर! आणि एक पट्टी बाहेर आली. उस्ताने ती धरली. बॅग खांद्यावर तशीच. तीन आठवडे ते दोघं वेगळे झालेच नाहीत. हिलाल हे तिकडे बाईचं नाव असतं, म्हणून उस्ता पहिल्या दिवशी पोट धरून हसला. मग नानाच्या डब्यातली कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन रडला. दोघांच्या बोलण्यात शेपटं चुकायची, पण ती फक्त मला ऐकू यायची. मी बाजूला वही घेऊन उभा असायचो, आणि माझ्याकडे कुणी पाहायचं ते फक्त चहा आला का विचारायला.

शेठजींनी दिवस ठरवला. मशीन सुरू करायचा मुहूर्त, आणि त्याच दुपारी दोघांची परीक्षा. मशीन चालवून दाखवायचं आणि काय करतोय ते तुर्कीत सांगायचं.

आता मी काय केलं ते सांगतो. आमच्याकडे नव्या यंत्राची पूजा होते. हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. मी आदल्या दिवशी हमालाला बोलावलं आणि म्हटलं, पूजेआधी मशीन साबणाने स्वच्छ धुऊन घे. ते खडूचं पण पूस, बरं दिसत नाही. पूजेचं मशीन पुसलेलं असावं यात कुणाला काय खटकणार? मी उभा राहून पुसून घेतलं. 'चेविर' जरा घट्ट बसलं होतं, त्यावर मी स्वतः फडकं मारलं.

दुपारी नाना मशीनपुढे उभा राहिला. आधी झाकणाकडे पाहिलं, मग चाकाकडे, मग पट्ट्याकडे. कुठे काही नाही, नुसती हळदीची बोटं. झाकण उचलताना "आचियोरुम" निघालं. चाकावर हात गेला आणि तोंड उघडून तसंच राहिलं. त्याने हात पँटला पुसला, पुन्हा चाकावर ठेवला. उस्ताचे ओठ हलत होते, लहान पोराला कविता आठवून द्यावी तसे. नानाने मशीन बिनचूक चालवलं, पण मुक्याने. मग मी दोन हात लांब उभा राहून, कशालाही हात न लावता, बावीस वाक्यं म्हटली. एक शेपूट चुकलं नाही. शेठजी म्हणाले, "मास्तर जातील."

सगळे पेढे घ्यायला गेल्यावर नाना माझ्याजवळ आला. "गुरुजी, मशीन भलतं चांगलं धोई काढं."

"शेठजींनी सांगितलं म्हणे," मी म्हटलं.

"म्हने," तो म्हणाला, आणि चहाला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर सगळे शब्द पुन्हा आपापल्या जागी लिहिलेले होते. आता त्याला ते कशाला लागणार होते, कोण जाणे.

तुर्कस्तानात काय पाहिलं असं लोक अजून विचारतात. मी सांगतो, कारखान्याचं फाटक पाहिलं. पहिल्या दिवशी फाटकावरच्या म्हाताऱ्या वॉचमनने माझ्या मागे वाकून पाहिलं आणि विचारलं, "हिलाल उस्ता कुठे?" आत गेलो तर लेथवरच्याने तेच विचारलं. कँटीनच्या बाईनेही. उस्ताने फोनवरून सगळ्या गावाला नाना सांगून ठेवला होता, फोटोंसकट. मला कुणी कसा आहेस म्हटलं की मी धातू आठवायचो, काळ लावायचो, पुरुष लावायचो, आणि शेपूट जागेवर येईपर्यंत समोरच्याचा चहा संपलेला असायचा. दीड महिना मी त्या देशात नानाच्या जागी बसलो होतो. निघताना उस्ताच्या म्हाताऱ्या आईने नानासाठी स्वतः विणलेली लोकरीची टोपी दिली. मला काय दिलं? मला चहा पाजला.

ती टोपी मी मुकाट्याने आणून दिली. नानाने ती डोक्यावर चढवली ती चढवलीच. जळगावचा मे महिना, डांबर वितळतंय, आणि याच्या डोक्यावर लोकर. म्हटलं, नाना, चक्कर येऊन पडाल. तर म्हणे, "मायना हातनी शे. काढाव नही." न पाहिलेल्या बाईला माय म्हणत होता, आणि ज्याने पाहिली तो मी पंख्याखाली बसून जळत होतो.

गेल्या दिवाळीनंतर गावी असताना त्याला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मिलमधले सगळे भेटून आले. शेठजी दोनदा जाऊन आले. मी गेलो नाही. बायकोने विचारलं तर म्हणायचो, सुट्टी मिळत नाही. मग एक दिवस नव्या मिस्त्रीने त्या मशीनचं अंग पुसायला फडकं ओलं केलं, आणि मी टेबलावरून उठून धावत गेलो. "हात लावू नको!" असा ओरडलो की हमाल थांबून पाहायला लागले. संध्याकाळी टेबलाच्या खणातली खडूची पेटी पिशवीत टाकली आणि सकाळची धुळ्याची एसटी धरली.

नाना ओसरीत खाटेवर होता, डोक्यावर टोपी. मला पाहून डोळे हलले, बाकी काही नाही. त्याची बायको, अक्का, सांगत होती की डॉक्टरांनी चित्रांचं पुस्तक दिलंय. गाय, झाड, घर दाखवून बोलायला लावा म्हणाले. "पन तो दखतच नही. तोंड फिरई लेस."

मी म्हटलं, "अक्का, हा नावांनी शिकणारा माणूस नाही."

बाह्या वर केल्या आणि खडू घेतला. दारावर लिहिलं, 'उघाड'. पाण्याच्या माठावर 'पे'. खाटेच्या पायावर, त्याला पडल्यापडल्या दिसेल असं, 'ऊठ'. पंख्याच्या बटणावर, खिडकीवर, काठीवर. मातीच्या भिंतीवर खडू बसत नव्हता, तिथे ओला करून दाबून लिहिलं. उकिडवा बसून गुडघे गेले, शर्ट पांढरा झाला, नाकात भुकटी गेली. आयुष्यात एवढं अंग मोडून मी कधी लिहिलं नव्हतं. उंबऱ्याशी पोचलो तेव्हा त्याच्याकडे पाठ होती, म्हणून बोलता आलं. "नाना, ते मशीन मी धुवायला लावलं होतं. शेठजींनी नाही सांगितलं. मी. तुम्हाला शब्द आठवू नयेत म्हणून."

मग मी उंबऱ्यावर लिहायला घेतलं. 'ये' लिहिलं. अक्षर वाकडं आलं म्हणून पुसून पुन्हा लिहीत होतो.

"को... लाय..."

माझा हात थांबला.

"...गेल... सिन."

अक्का हातातलं पातेलं टाकून धावली. दोन महिन्यांत त्याच्या तोंडून निघालेला पहिला आवाज होता तो. ती खाटेला धरून मलाच विचारत होती, "काय म्हनना? गुरुजी, काय म्हनना तो?" मला उत्तर माहीत होतं, अर्थही माहीत होता, उलट काय म्हणायचं तेही वहीच्या पहिल्या पानावर हिरव्या पेनात होतं. अख्ख्या मिलला त्याने ते हजार वेळा म्हटलं होतं. माझ्या वाट्याला ते आत्ता आलं होतं, आणि अक्काला सांगण्याआधी क्षणभर ते मला कुणालाच द्यायचं नव्हतं.